शेवटच्या पेटीआधीचा गुलाल

परवा गल्लीतून कुणाची तरी विजयाची मिरवणूक गेली. गुलालाच्या वासानं मला सणसणीत शिंक आली आणि मी थेट पोचलो सत्तरच्या दशकातल्या सांगलीत, माझ्या दोस्ताच्या, बापूच्या खांद्यावर!

नगराध्यक्षपदाची मतमोजणी चालू होती आणि मी उमेदवार होतो. मी पुढे आहे एवढं कानावर पडताच बापूनं गुलाल उधळून मला खांद्यावर घेतलं, हलगी कडाडली. मीही असा शहाणा, की वाजतगाजत प्रतिस्पर्धी अण्णांच्या पाया पडायला त्यांच्याच दारात हजर!

अण्णा कट्ट्यावर चहा पीत होते. म्हणाले, "आरं, एक पेटी मोजायची हाय अजून. हरलास तर ह्ये लाल थोबाड घिऊन घरी कसा जाशील?"

हलगी थांबली. बापू निकाल आणायला पळाला. मी अण्णांशेजारी टेकलो. तेव्हा मला फक्त माझ्याच निकालाची पडली होती. अण्णाही रिकामीच बशी पुन्हा पुन्हा तोंडाला लावत होते, हे आज दिसतं.

"जिंकलं!" बापू लांबूनच ओरडला.

"कोण रं?" आम्ही दोघंही ताडकन उठलो.

"आपला गडी! दुसरं कोण?"

अण्णा सावकाश खाली बसले आणि आत वळून म्हणाले, "आगं, च्या टाक. नगराध्यक्ष आल्यात दारात."