पोट भरूनही उपाशी राहिलेली पिल्लं

माझ्या सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. लग्न होऊन मी गोळीबार चौकातल्या त्यांच्या घरी आले, त्याच वर्षी त्यांनी हातमाग सोडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उभा जन्म लुगडी विणलेला माणूस दिवसभर ओसरीत रिकाम्या हातांनी बसून असायचा. माझ्याशी बोलणं जवळजवळ नव्हतंच.

माझे यजमान मिलमध्ये कामाला होते. सरकारी केंद्रातून परदेशी जातीची, लवकर वाढणारी कोंबडीची पिल्लं मिळतात असं त्यांनी ऐकलं आणि टोपलीभर घेऊन आले. वीस होती. सांभाळायची मी. माझं माहेर कुहीकडच्या खेड्यातलं. आमच्या गावठी कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरून आपलं पोट आपणच भरत. इथे मांजरांच्या भीतीनं पिल्लं खुराड्यातच कोंडलेली. पोटभर दाणा दिला की झालं, असं समजून मी तांदळाची कणी आणि ज्वारीचा भरडा सढळ हातानं टाकत होते.

पिल्लं खायची, पण अंग धरत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एक पिल्लू उभं राहीना. पायाची बोटं मूठ मिटल्यासारखी आत वळलेली, आणि ते घोट्यांवर बसूनच पुढे सरकत होतं. चार दिवसांत अशी सात झाली. आपल्याच हातून काही चुकलं, असं मला वाटत राहिलं. शेवटी दोन पिल्लं पदरात घेऊन मी एकटीच जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे बैल घेऊन आलेली माणसं माझ्याकडे बघून हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"काय खायला घालता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"दाण्यातली ताकद अंगी लागायला एक जीवनसत्त्व लागतं, बाई. ते नसलं तर पोट भरूनही पिल्लू उपाशीच राहतं. हिरवा पाला बारीक चिरून द्या, ताक पाजा. ताक उन्हात ठेवू नका, त्यातला गुण जातो." मग त्यांनी पाव फुगवायला वापरतात त्या वाळलेल्या खमिराची पूड कागदात बांधून दिली. रोज चिमूट चिमूट भरड्यात मिसळायची होती. मी निघाले तेव्हा म्हणाले, "काही पिल्लांचे पाय नाही सुधारणार. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका."

हे वाक्य मला घरापर्यंत पुरलं.

घरी आल्यावर मी पिल्लाच्या चोचीत ताक घालायला बसले. निम्मं माझ्या लुगड्यावरच सांडत होतं. मामंजी ओसरीतून म्हणाले, "आण वं इकडं एक."

मी पिल्लू त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्याची बोटं एकेक करून चाचपली.

"मले दिसत नाही, पण हाताले समजते. तू वाटी धर."

त्यांनी करंगळी ताकात बुडवून चोचीच्या कडेला टेकवली. थेंब आत गेला. दुसरा, तिसरा. मी वाटी धरून बसले आणि त्यांनी सातही पिल्लांना पाजलं.

मग रोज सकाळी तेच. मी पालक चिरायची, पूड मिसळायची. ते पिल्लांचे पाय चाचपायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, याचं मधलं बोट सुटून राहिलं." मला डोळ्यांनी काहीच फरक दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी ते पिल्लू लटपटत का होईना, उभं राहिलं.

सातांपैकी चार उभी झाली. दोन मेली. एकाचा पाय वाकडाच राहिला, तरी ते भरड्यापाशी सगळ्यांच्या आधी पोहोचायचं. बाकीची पिल्लं महिन्याभरात अशी भरली की खुराडं वाढवावं लागलं. गल्लीतल्या बायका विचारायला आल्या, तेव्हा मामंजी म्हणाले, "सूनबाईले विचारा. दवाखान्यात थे गेली होती."

त्या घरात मला जागा मिळाली ती त्या दिवशी, असं मी अजूनही मानते.

पुढे एकदा डॉक्टर स्वतःहून सायकलवर आले. मी चहा केला आणि पिल्लांचे पाय रोज मामंजी चाचपतात, हे सांगितलं. त्यांनी पिल्लं पाहिली आणि मामंजींच्या शेजारी जमिनीवर बसून विचारलं, "कोणतं बोट आधी सुटलं? किती दिवसांनी?" मामंजी आठवून आठवून सांगत होते आणि डॉक्टर वहीत लिहून घेत होते. मी दारात उभी राहून ऐकत होते. एरवी दोन शब्दांवर थांबणारे मामंजी त्या दिवशी बोलताना थकले नाहीत, आणि डॉक्टरांनीही घाई केली नाही.