जब्बारभाईंचं दुपारचं दुकान

जब्बारभाई गेल्याचं मला चहाच्या टपरीवर कळलं. मी मुलीकडे मोहर्लीला गेलो होतो, इकडे दफन आदल्या दिवशीच उरकलं होतं. शेजारच्या गल्लीतला माणूस, आणि त्याच्या मातीलाही मी नव्हतो...

आमची ओळख माझ्या निवृत्तीनंतरची. वनखात्यात नाकेदार म्हणून सिरोंचा, पोंभुर्णा करत हिंडलो. नाक्यावर भल्याभल्यांच्या गाड्या थांबवल्या. मग चंद्रपुरात घर बांधून बसलो, तेव्हा आपल्यासाठी कोणीच थांबत नाही हे ध्यानात आलं. दिवस खायला उठायचा. जब्बारभाईंनी त्याच सुमारास आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचं सायबर कॅफे केलं होतं. दुपारी पोरं कॉलेजात, दुकान रिकामं. त्या वेळात ते आम्हा पेन्शनवाल्यांना बोलवायचे. "घरी बसून सुनेच्या भाजीतलं मीठ काऊन काढता? या, काई तरी शिका," म्हणायचे. एक निवृत्त तलाठी तिथे बुद्धिबळ शिकत होते. पोस्टातले एक गृहस्थ बासरीचे धडे बघत टेबलावर मुकाट बोटं नाचवायचे.

मला काय शिकायचंय, हे सांगताना मी आधी दार लोटून घेतलं. आमच्या विहारात वंदना मी सांगायचो आणि माझ्यामागून सगळे म्हणायचे. आवाज खणखणीत, शब्द न् शब्द पाठ. अर्थ मात्र मला येत नव्हता, आणि तो मला येतो असं सगळ्यांनी धरून चाललेलं. या वयात विचारणार कोणाला? जब्बारभाई हसले नाहीत. हिंदीतून पाली शिकवणारी एक साइट त्यांनी शोधून दिली, माझा हात धरून माउस फिरवायला शिकवला. मी म्हटलं, माझ्या खुर्चीमागे पडदा लावा. मग ज्याला त्याला पडदा हवा झाला. म्हातारपणी शिकताना दिसणं म्हणजे आम्हाला चोरी करताना सापडण्यासारखं वाटायचं.

मोहल्ल्याला दिसलं ते एवढंच, की म्हातारे भरदुपारी पडद्याआड कॉम्प्युटरवर काहीतरी बघतात. काय बघत असतील, ते लोकांनी आपापल्या मनानं ठरवलं. बायका त्या दुकानात आपल्या पोरींना पाठवेनात. कुजबुज माझ्या कानावर आली, तेव्हा मी मान खाली घालून पुढे निघून गेलो. जब्बारभाई एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करू शकले असते, पण ते गप्प. शेवटी मीच म्हटलं, "काऊन नाई सांगत तुमी लोकाईले?"

"भाऊ, शरम तुमची हाये," ते म्हणाले. "उघडी कराची का नाई, ते तुमी ठरवा. मी कोन?"

मला ठरवायला किती पौर्णिमा लागल्या, ते सांगायचीही लाज वाटते. अखेर एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर मी तसाच उभा राहिलो. जे म्हणतो त्याचा अर्थ मला येत नाही, जब्बारभाईंकडे पडद्याआड मी तेच शिकतो, असं सांगून टाकलं. मग मागून एक म्हातारी बाई म्हणाली, "आमालेबी नाई समजत, भाऊ. तुमाले समजते म्हनून आमी कंदी इचारलं नाई."

दुसऱ्या दिवशी जब्बारभाईंनी पडदे काढले. बोलणारे गप्प झाले, विहारातल्या त्या म्हाताऱ्या बाईसुद्धा दुपारी येऊन बसू लागल्या. मला वाटलं, झालं, फिटलं सारं.

परवा जब्बारभाईंच्या बायकोला, सुगराभाभींना भेटायला गेलो. दुकानात आता त्याच बसतात. बोलता बोलता मी म्हटलं, "भाभी, त्या वाईट दिवसात तुमची साथ होती, म्हनून ते टिकले."

भाभी म्हणाल्या, "कायची साथ, भाऊ? मलेबी कुठी सांगतलं त्याईनं? मी इचारलं, तं म्हने, लोकाईची अमानत हाये. मले वाटलं, लोक म्हन्तेत तेच खरं. ताट वाढाची अन् उठून जाची. एकटेच जेवाचे. तुमी विहारात बोलले, ते मले भाजीवालीपासून समजलं."

मी उठून उभा राहिलो.

"मंग मी माफी मागतली," भाभी म्हणाल्या. "तं म्हने, जाऊ दे. पन भाऊले सांगू नको हे. त्याईले शरम वाटन."

समोर जब्बारभाईंची खुर्ची होती. भाभी बसा म्हणाल्या, पण मी उभाच राहिलो.