कर थोरल्या पातीचा

नाथाजी माजा थोरला चुलतदीर. थोरल्या दिराला आवंजावं करायचं असतं, त्याच्या म्होरं डोईवरचा पदर ढळू द्यायचा नसतो, ह्ये मला आईनं शिकिवल्यालं हाय. पन मी त्याला अरंतुरंच करते. त्याच्या करनीला अरंतुरं बी जास्तीच हाय.

माजं नाव रंगूबाई. गाव आमच्या मालकास्नी लालासाहेब म्हनतं. बाईनं नवऱ्याचं नाव घिऊ नये, पन तुमास्नी कळाय पायजे म्हनून येकदा घेतलं. आता परत घेनार न्हाई.

तर नाथाजी. पल्टनीत गाडी चालवायचा. तितनं आला त्यो हिंदी घिऊनच आला, दारातल्या कोंबडीला बी "हट जाव" म्हनायचा. गडी उंच, मिशीला तेल, आन शिवी दिल्याबिगार ह्याला च्या गोड लागायचा न्हाई. दुसऱ्याच्या गाडीत काय चुकलंय ह्ये बगनं हाच धंदा. येष्टी थांबली की डायव्हरच्या म्होरं जाऊन हुबा, पानी बगितलं का, जाळीतला कचरा काडला का. पानी न बगता इंजन चालू करनाऱ्याला जोड्यानं हानला पायजे, ह्ये त्याचं रोजचं भजन. ह्ये भजन ध्येनात ठिवा.

बहात्तरच्या दुस्काळानंतर आमचं घर फुटलं. जमीन वाटली, भांडी वाटली, परड्यातला आंबा सुदिक फांद्या बघून वाटला. ऱ्हायली बैलजोडी. हौश्या आन पाखऱ्या, खिल्लार, येका उंचीची, बगनाऱ्याची नदर लागावी अशी. गावचं म्होरकं नानासो, त्यांनी दोगांस्नी हात जोडलं की येकानं जोडी घ्या, दुसऱ्यानं म्हस आन वासरं घ्या. नाथाजी म्हनला जोडी मला, आमचं मालक म्हनलं जोडी मला. शेवटाला नाथाजीनंच तोडगा काडला, येक बैल तुला, येक मला. आन आमचं शानं मालक व्हय म्हनलं.

येका बैलानं कुनी नांगर वढतोय का? ज्याच्याकडं येकच बैल हाय त्यानं दुसऱ्यासंगं सावड करायची, दोगांची जोडी जुपायची, आज तुजं रान तर उद्या माजं, ही आमच्याकडची रीत. सावडीला जोडी कुटं हुडकायची बी गरज नव्हती, येकाच भिताडाच्या दोन अंगाला बांदल्याली हुती. पन सावड करायची मंजी येकमेकाशी बोलाय लागतंय. त्यापरीस दोगांनी आपापला बैल इस्लामपूरच्या बाजारात न्हेला. जतकडचा बिराप्पा धनगर तितं आल्याला. त्यानं नाथाजीकडनं हौश्या घेतला, आमच्याकडनं पाखऱ्या घेतला, आन जोडी म्होरं घालून हसत गेला. त्या दिशी मी चूल पेटिवली न्हाई. दोगांच्या बी नावानं बोटं मोडली.

मग ट्रॅक्टर आलं. आमच्या मालकांनी तांबडा आनला, नवाकोरा. नाथाजीनं सांगलीतनं, विश्रामबागच्या कुना मानसाकडनं जुना निळा आनला, रेड्यावानी जड. तितनं पुढं गावाला दुसरा इषय ऱ्हायला न्हाई. वढ कुनाची दांडगी, आन भरवसा कुनाचा?

वढ निळ्याची, ह्ये मी बी नाकबूल करत न्हाई. काळ्या रानात नांगर पुरा खाली सोडून त्यो गुमान जायाचा, तितं तांबड्याला निम्मा उचलाय लागायचा. ऊस भरून कारखान्याच्या चढाला लागलं की तांबड्याचं म्होरलं चाक उचलायचं. मग नाथाजी मागनं वरडायचा, "लाला, घोडं नाचवाय आनलंस का रं?" आन ऊसगाड्यांची सगळी रांग हसायची. मालक घरी ईऊन ताटावर राग काडायचं.

पन सकाळी बगा गंमत. तांबडा बटन दाबलं की चालू. निळा मातूर रोज उतारावर लावून ठिवायचा, चार मानसं हुडकून ढकलायचा, तवा कुटं खोकत खोकत चालू हुयाचा. येकदा तोडल्याला ऊस रानात वाळाय लागला आन निळा काय हू म्हनंना. मी मुद्दाम घागर घिऊन त्याच्या दारावरनं गेले, आन येताना बी त्याच वाटंनं आले. त्याची बायकू हरणाबाई म्हनली, हस बाई हस, तुज्या तांबड्याचं अजून दुदाचं दात हायती. त्या घरात कुनाचंच तोंड सरळ न्हाई.

आता बेंदराचं सांगते, बैलांच्या सनाचं. बेंदराला आमी बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाई. वड्याला न्हिऊन धुवायचा, शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरनपोळी चारायची, आन दिस कलताना वाजत गाजत येशीत आनायचा. येशीत आडवा कर बांदल्याला असतोय, गवताचा जाड दोर, त्यात पिंपळाची पानं खवल्याली. मानाच्या बैलानं म्होरं हुयाचं, छातीनं कर तोडायचा, मग बाकीची बैलं आत येत्यात. त्यो मान आमच्या घराचा, आन घरात थोरल्या पातीचा. थोरली पाती मंजी थोरल्या आज्जाचा वंश, मंजी नाथाजी.

पन बैल कुटं हाय? मालक म्हनलं, ज्याच्या दावनीला बैल न्हाई त्याला कसला मान, धाकट्या पातीला द्या. नानासो म्हनलं, लाला, तुज्या दावनीला तरी काय हाय? तवा नाथाजीनं मिशीवर हात फिरिवला आन म्हनला, निळा तोडील कर. मालक म्हनलं, मग तांबडा का न्हाई? दोन बैठका झाल्या, गाव उबगलं. नानासो चिडून म्हनलं, पाठीला पाठ लावा, मदी साखळी बांदा, जो दुसऱ्याला वढंल त्यो कर तोडंल. चेष्टेनं म्हनलं का रागानं, त्यांचं त्यास्नी ठावं. ह्या दोगांनी खरं धरलं.

पडीक रानात गाव लोटलं. साखळी तानली. तांबड्यानं धूर काडला, माती उडिवली, म्होरलं चाक उचललं, आन निळ्याच्या मागं फरफटत बांदापत्तोर गेला. मागनं कळलं, नाथाजीनं मागच्या टायरात पानी भरलं हुतं, वजनासाठनं. आमी लबाड म्हनलं. त्यो म्हनला, पानी टायरात हाय, खिशात न्हाई, तुमाला कुनी नगो म्हनलं हुतं? आमच्या मालकांचं तोंड असं झालं की मला त्यांची कीव आली, आन नाथाजीचा असा राग आला की त्याच्या घरच्या कुत्र्याला बी मी भाकरी टाकायची बंद केली.

बेंदराच्या दिशी पावसानं उघडीप दिली. नाथाजीनं निळा वड्यात न्हिऊन बैलावानी घासला, म्होरनं बाशिंग बांदलं, आन पेटीतनं हौश्याची झूल काडली. आरशाची झूल, आमच्या आजेसासूनं शिवल्याली. बैल ईकला तरी झूल त्यानं ईकली नव्हती. ती त्यानं निळ्यावर घातली, आन चालताना घसरू नये म्हनून म्होरच्या जाळीवर गच्च आवळली. जाळीला वारा लागला न्हाई तर आतलं पानी उकळतंय, ह्ये जगाला शिकवनारा हाच. पन त्या दिशी ह्याच्या डोळ्यावर मान चढला हुता.

वाजाप म्होरं, मागं निळा, मागं गावची बैलं. मुंगीच्या पावलानं चालल्यालं. म्हसोबाला नारळ फोडाय थांबलं, वड्यावर वाजापवाल्यांनी खेळ केला. नाथाजी इंजन बंद करंना. बंद केला तर परत चालू हुनार न्हाई, ह्ये त्याला पक्कं ठावं हुतं. झुलीखालनं वाफ निगाय लागली तवा बाया म्हनल्या ऊद जाळलाय. येशीत शिरला. कर हातभर म्होरं ऱ्हायला, आन निळ्यानं आतनं येक करकर काडली आन थांबला. थांबला त्यो थांबलाच.

बैल जुपून वढावं, तर बेंदराला जू ठिवायचं न्हाई. गडी लागलं ढकलाय. पन येशीत चढ, खाली चिखल, टायरात पानी. जी वढ त्याला पडीक रानात जिकवून गेली, तीच आता त्याला जागचं हलू दिना. दिस बुडाय आल्याला, मागं बैलं तटल्याली. समद्यांनी आमच्या मालकांकडं बगितलं.

मालकांनी तांबडा आनला. बटन दाबलं आन चालू. येस अरुंद, निळ्याच्या म्होरं जाता येईना. मागनंच काय ती करनी. मागं वढून काडला तर वाट मोकळी, तांबडा आत जाऊन कर तोडनार, मान आमचा. ढकलला तर निळ्याची छाती कराला लागनार, मान त्याचा. मी पदराची गाठ धरून मनात म्हनत हुते, वढा मागं, वढा.

मालकांनी तांबड्याचं तोंड निळ्याच्या पाठीला लावलं आन म्हनलं, "दादा, गेर काड. ढकलतो."

वाटनीपासनं त्यांनी दादा म्हनल्यालं मी आयकलं नव्हतं. नाथाजी शीटवर बसल्याला, हातभर लांब त्यो कर. आता मान खाली घालायची, गेर काडायचा, दुसरं काय करायचं हुतं? त्यानं मागं वळून सुदिक बगितलं न्हाई.

"तुज्या धक्क्यानं तुटला तर त्यो तुजा कर," त्यो म्हनला. "मला भीक नगो."

आन दोन्ही पाय बिरेकवर दिऊन बसला. मालकांनी तरी येकदा ढकलून बगितलं. तांबडा गुरगुरला, चिखलात फिरला, निळा तसाच. मग मालक उतरलं. त्यांचं कान लाल झालं हुतं. नानासोंनी इनवण्या केल्या, हरणाबाई रडली, पन सुंभ जळंल, पीळ जाईल का? दिस बुडला. गावची बैलं कर न तोडता वड्याच्या वाटंनं मागनं घरी गेली. असा बेंदूर माज्या सासूनं बी बगितला नव्हता.

तापून इंजनातली फिरती दांडी जाम हून बसल्याली. तांबड्यानं न्हाई तर दुसऱ्याच्या बैलांनी वढून न्ह्यायला नाथाजी राजी न्हाई, गावात तिसरा ट्रॅक्टर न्हाई. मग त्यानं काय करावं? येशीतच निळा खोलाय घेतला. रोज येक येक सामान काडायचा आन पाटीत घालून डोईवरनं घरी न्ह्यायचा. मानसं वड्याच्या चिखलातनं जायाची, जाता जाता शिव्या द्यायची, त्यो परत शिव्या द्यायचा. शिराळ्याच्या नागपंचमीला मानसं निगाली ती बी वड्यातनंच. आन निळ्याच्या नाकाम्होरं त्यो कर वाळत लोंबकळल्याला. कुनी काडंना. काडनार कोन, ज्याचा मान त्यानंच काडायचा.

येक दिस मी तितनं भाकरी घिऊन रानात चालल्याली. नाथाजी खाली पडून मागल्या चाकाचं बोल्ट काडत हुता. हरणाबाईचं शेरडू सुटल्यालं, ते टायरावरनं निळ्याच्या नाकावर चढलं, कराकडं मान लांबवली, आन पिंपळाची वाळली पानं खाऊ लागलं. पानं सपली तसा दोर चावला. हिसका दिला. तटकन कर तुटला आन दोन्ही टोकं भितीला जाऊन आपाटली.

मला हसू आलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबंना. मला वाटलं, आता ह्यो शेरडाला पाना मारनार. पन त्यो हळूच बाहीर आला, तेलाचा हात मिशीला पुसला, तुटक्या दोराकडं बगितलं, शेरडाकडं बगितलं. मग माज्याकडं. वाटनीपासनं पयल्यांदा त्यो माज्याशी बोलला.

"रंगूबाई," त्यो म्हनला, "तुज्या मालकाला सांग. कर थोरल्या पातीनंच तोडला."

हसत नव्हता. डोळ्यात पानी हुतं, आन मान ताठ.

माजं हसू तितंच मेलं. रानात भाकरी दिली, मालक बांदावर जेवाय बसलं. त्यो म्हनला तसंच मी सांगितलं, शेरडासकट. वाटलं हसतील. त्यांनी हातातला घास ताटात ठिवला.

"मंजी मान आपल्याला न्हाई," येवडंच म्हनलं, आन पानी पिऊन तांबड्याकडं चालू पडलं.