पिल्लाची सात घरं

मी सतरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्त, लघवी, थुंकी… माणसाकडून जे येईल ते मशीनमध्ये घालायचं, मशीन देईल तो आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. त्यामुळे कुणी भुताखेताचं काढलं की माझं तोंड आधी वाकडं व्हायचं. या सदरातले अनुभव मीही वाचते, पण खरं सांगू? जेवताना तोंडी लावायला लोणचं असतं तसे. आज माझाच अनुभव लिहायला बसलेय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, मीही हसले असते.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. तिसरा मजला, वन बीएचके, मी आणि नवरा श्रीकांत. सगळ्या खिडक्यांना ग्रिल, त्यावर कबुतरांसाठी जाळी. हे मुद्दाम सांगतेय, लक्षात ठेवा. श्रीकांत तळोज्याच्या कंपनीत शिफ्टमध्ये असतो. मूलबाळ नाही. त्याऐवजी मी मांजरांची अनाथ पिल्लं फॉस्टर करते — म्हणजे आमच्या भागातल्या प्राणिप्रेमींच्या ग्रुपवर एखादं पिल्लू आलं की ते घरी आणायचं, दर दोन तासांनी सिरिंजने दूध पाजायचं, खातंपितं झालं की चांगलं घर बघून देऊन टाकायचं. नाव ठेवायचं नाही हा माझा नियम. नाव ठेवलं की जीव अडकतो. त्यामुळे माझ्याकडे फक्त नंबर असतात. ही गोष्ट बारा नंबरची.

गेल्या डिसेंबरात, सकाळी कामावर निघताना, खाली मीटरच्या खोलीतून बारीक चिरका आवाज आला. जुन्या बोर्डामागे ओल्या गोणपाटावर एकच पिल्लू. दहा-बारा दिवसांचं, डोळे धड न उघडलेलं, अंग गार. शेपटीला मुंग्या लागल्या होत्या. आता आमच्यातला पहिला धडा असा, की पिल्लू दिसलं म्हणून लगेच उचलायचं नाही. लांब उभं राहायचं, दोन-तीन तास वाट बघायची. आई खायला गेलेली असते, किंवा जागा बदलत असते. नव्या पोरींना हा धडा मीच देते. पण त्या दिवशी मला उशीर होत होता आणि मुंग्या दिसत होत्या. मी पाच मिनिटं थांबले असेन. मग ओढणीत गुंडाळून वर आणलं, लॅबला फोन करून चार दिवस रजा टाकली आणि ग्रुपवर लिहिलं — 'अनाथ पिल्लू, आई मेलेली.'

आई मेलेली, हे मी मनाने लिहिलं. तसं लिहिलं की कुणी 'वाट बघितलीस का' विचारत नाही.

संध्याकाळी आमचे वॉचमन म्हात्रे काका वर आले. गेटबाहेर एक मांजरी गाडीखाली आली होती. काळी-पिवळी-पांढरी, डाव्या कानाचा तुकडा पडलेला, थानं दुधाने भरलेली. काकांनी तिला मागच्या बदामाच्या झाडाखाली पुरलं होतं. "तुमाला मांजरांचा लळा हाय म्हनून सांगाया आलो," म्हणाले. मी मान हलवली आणि दार लावून घेतलं. सकाळी मी जे लिहिलं ते खोटं होतं. संध्याकाळपर्यंत ते खरं झालं. हे मी श्रीकांतलाही सांगितलं नाही.

बारा नंबरची तब्येत वाईट होती. छातीत घरघर, दूध नाकातून परत यायचं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. "न्युमोनिया आहे. औषध सुरू करू. ऊब सुटता कामा नये, गार पडलं तर संपलं. तीन दिवस काढले तर बघू." मी मिक्सरच्या खोक्यात गरम पाण्याची पिशवी घालून वर फडकं अंथरलं, खोकं बेडरूममध्ये ठेवलं आणि फ्रिजवर तक्ता लावला. वेळ, वजन, दूध, शी-सू. एवढीशी पिल्लं स्वतःहून सूसुद्धा करू शकत नाहीत. आई चाटते तेव्हा होते. आई नसली तर आपण कोमट ओल्या कापसाने पुसायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता वजन १२६ ग्रॅम. सकाळपेक्षा दोनाने कमी. दूध तर तोंडातच घेईना. मी पिशवीतलं पाणी बदलायला स्वयंपाकघरात गेले, फार तर सात मिनिटं. परत आले तर खोकं रिकामं. पिल्लू पलंगाखाली, सुटकेसच्या मागे, भिंतीला लागून. आता दीड फूट उंच खोक्यातून हे चढून बाहेर कसं येईल? पण झोप झालेली नव्हती, म्हटलं आपणच खाली ठेवलं असेल. उचलून ठेवलं परत.

तासाभराने मी कपडे वाळत घालून आले तर पिल्लू वॉशिंग मशीनच्या मागे. मी बेडरूमचं दार ओढून घेतलं होतं, ते मला पक्कं आठवत होतं. उचललं तर पिल्लाची मान ओली. फक्त मानेवरची कातडी, दोन बोटं रुंद, केस चिकटून उभे राहिलेले. बाकी अंग कोरडं आणि गरम. गरम पाण्याच्या पिशवीने होतं त्याहून जास्त.

सवयीने मी वजन केलं. १३४.

मी काटा बंद करून परत चालू केला. माझ्याकडे हळदीचं एक न फोडलेलं पाकीट असतं, काटा तपासायला. ते नेहमी १०४ दाखवतं. तेव्हाही १०४च दाखवलं. पिल्लाचं पोट तट्ट फुगलं होतं. कापूस फिरवला तर काही आलं नाही, सगळं आधीच स्वच्छ केलेलं होतं. तोंडाला वास येत होता दुधाचा… आमच्या डब्यातल्या पावडरच्या दुधाचा नाही.

मी तक्त्यावर १३४ लिहिलं. दुधाच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, म्हणून तो कोरा ठेवला.

श्रीकांतला सांगितलं तर म्हणाला, "अगं, तू तीन तास तरी झोपलीयेस का? तूच ठेवतेस नि तूच विसरतेस." मलाही तेच हवं होतं. मी म्हटलं, हो, तसंच असेल. त्यानंतर भांड्यांच्या ट्रॉलीत, परातीच्या मागे पिल्लू सापडलं, तेव्हाही तो हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो समोर होता. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत चहा पीत होतो, खोकं मधे, आमच्या पायाशी. दुधवाल्याने बेल वाजवली. मी दाराकडे गेले, श्रीकांत पातेलं आणायला उठला. वळलो तर खोकं रिकामं. चिरका आवाज येत होता वरून. स्वयंपाकघराच्या माळ्यावरून. तो माळा माझ्या हाताला पोचत नाही, आणि स्टूल बाल्कनीत उलटं पडलेलं. श्रीकांतने स्टूल आणून पिल्लू खाली काढलं. मान ओली. त्याने बोटाने चाचपून बघितली, मग बोट पँटला पुसलं. हसला नाही. शिफ्टला जाताना दारात घुटमळला आणि म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाकडे देता येईल का?"

देता आलं असतं. पण ग्रुपवर काय सांगणार होते? शिवाय औषधाची वेळ, गरम पिशवी, ही हलवाहलव… दुसऱ्या घरी तासभरही टिकलं नसतं. आणि ते जगायला हवं होतं. बाकी काही नाही, ते गेलं असतं तर दोन जीव माझ्या नावावर लागले असते.

मी खाली जाऊन म्हात्रे काकांना गाठलं. ते जवळच्या नेरे गावचे, साठीचे, बोलणं मोजकं. मी आडून आडून विचारलं, त्या मांजरीला पिल्लं किती होती?

"तीन. दोन बोक्यानं नेली. येकच र्‍हायलं व्हतं," काका म्हणाले. "म्हनून त्या दिवशी सकालपासून जागा बघत फिरत व्हती. पार तिसऱ्या माल्यापरयंत जाऊन आली. मंग मीटरच्या खोलीत आली नि वरडाया लागली. दिसभर वरडत व्हती. बिल्डिंगमदी नाय गावलं, तवा गेटाबायेर गेली शोधाया."

काका माझ्याकडे बघत राहिले.

"ताई, आई मेल्यावर पिल्लू उचललं का उचलल्यावर आई मेली?"

मला रडू फुटलं. काका ओरडले नाहीत, त्यांनी फक्त खुर्ची पुढे केली. मी घरात काय चाललंय ते सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "घर बदलते हाय ती. आमी लानपनापासून बगतो, मांजर पिल्लाला सात घरं फिरवतंच. किती झाली?"

मी बोटं मोजली. पलंग, मशीन, ट्रॉली, माळा. "चार."

"मंग तीन र्‍हायली."

"सातव्याला काय होतं?"

"सातव्याला ठेवते ती. कायमचं." आणि मग बदामाच्या झाडाकडे बघून म्हणाले, "आता तिचं घर कुटं, ते मला नाय ठावं."

त्या वाक्याने मला जी भीती घातली ती अजून गेलेली नाही. सात घरांची म्हण माझ्या आईच्या तोंडीही होती. सारखी भाड्याची खोली बदलणाऱ्या मामाला ती तेच म्हणायची, आणि आम्ही हसायचो. मी धावत वर गेले. खोकं रिकामं. पाचवं घर देव्हाऱ्याखालच्या खणात निघालं, वातींच्या कापसात. खण बंद होता. वजन १४९. सहावं माझ्या कपाटात, इस्त्री केलेल्या लॅबच्या कोटावर. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

मग मी ठरवलं, आता तिच्यावरून हात काढायचाच नाही. श्रीकांत कामावर. दुपारचे साडेतीन. दाराला आतून कडी, खालची वरची दोन्ही. मी बेडरूममध्ये भिंतीला टेकून फरशीवर बसले, खोकं पायांच्या मधे आणि दोन्ही हात पिल्लावर. लख्ख ऊन होतं. शेजारी कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मी जागी होते, अगदी टक्क. आणि मला जाणवलं, की खोलीत माझ्याशिवाय कुणीतरी घुरघुरतंय. मांजर पिल्लांना पाजताना घुरघुरतं तसं. माझ्या गुडघ्याजवळून. तिथे फरशीवर ऊन सोडून काहीही नव्हतं.

मी डोळे मिटून घेतले. मोठ्याने म्हटलं, "माझं चुकलं. मी थांबायला हवं होतं. मला कामावर जायची घाई होती म्हणून मी थांबले नाही, आणि वर खोटं लिहिलं. पण हिला नेऊ नकोस. हिला खोकला आहे गं, रात्रीचं औषध राहिलंय."

घुरघुर थांबली. हातांखाली एकदम गार लागलं. डोळे उघडले तर माझे तळवे नुसत्या फडक्यावर होते.

पुढचं मी कसं केलं ते मला नीट सांगता येत नाही. पलंग, मशीन, ट्रॉली, माळा, खण, कपाट… सहाही घरं उपसली. नाही. मग कड्या काढून, अनवाणी, गाऊनवरच, तीन जिने उतरून बदामाच्या झाडाखाली गेले आणि हातांनी माती उकरायला लागले. म्हात्रे काकांनी दंड धरून उठवलं. "ताई, हितं नाय. माती हललेली नाय, बगा." खरंच हललेली नव्हती. ते मला वरपर्यंत सोडायला आले. मी पलंगावर बसले आणि तोंड पुसायला रुमाल काढावा म्हणून गाऊनच्या खिशात हात घातला.

खिशात होती ती. गाढ झोपलेली, उबदार, मान ओली. मी तिला घेऊन तीन जिने उतरले होते, चढले होते, गुडघ्यावर बसून माती उकरली होती, आणि मला तिचं वजन लागलं नव्हतं. वजन केलं. १५८.

त्यानंतर ती हलली नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा स्टेथोस्कोप लावला, दोनदा लावला, आणि विचारलं, "तुम्ही पाजता तरी काय?" मी म्हटलं, पावडरचं दूध. तक्ता माझ्याकडे अजून आहे. दुधाच्या रकान्यातल्या पाच जागा कोऱ्या आहेत. श्रीकांत म्हणतो, दोघांचीही झोप नव्हती. झोपेचं मी मान्य करते, पण झोपेने वजन वाढत नाही. मला उत्तर सापडलेलं नाही आणि खरं सांगायचं तर आता शोधायलाही भीती वाटते.

ग्रुपवर मात्र मी खरं काय ते लिहिलं. दोघीतिघी बोलायच्या बंद झाल्या, ते रास्तच आहे.

दोन महिन्यांनी खारघरहून एक कुटुंब बारा नंबरला न्यायला आलं. चांगली माणसं, मोठं घर, सगळी चौकशी मीच केलेली. मी सकाळपासून मन घट्ट केलं होतं. आतापर्यंत अकरा दिली, ही बारावी. बास्केट उघडी ठेवली होती, खाली मऊ टॉवेल. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलीने तिला अलगद उचललं, छातीशी धरलं, आणि मग हात मागे घेऊन बोटं बघत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "हिची मान ओली का आहे?"

मी तिला परत घेतलं. त्या लोकांना काय कारण सांगितलं ते आता आठवतही नाही, काहीतरी आजाराचं सांगितलं असेल. पुन्हा एक खोटं. पण सात घरं झालेली आहेत, आणि आठवं करायचं तर कुणाला विचारून करू? आता हे लिहितेय तेव्हा ती माझ्या गाऊनच्या खिशात मावत नाही, तरी डोकं तिथेच खुपसून झोपते. मी रोज सकाळी कामावर निघण्याआधी तिची मान चाचपते. कोरडी असली की दाराला कुलूप लावते. ओली असली तर चप्पल काढते आणि तिच्याजवळ बसून थांबते. उशीर झाला तरी थांबते.