साक्षगंधातली पुण्याची गाडी

माझ्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पाहुणे दुखावले ते मानपानावरून नव्हे, एका रेल्वेगाडीवरून. हे सांगताना आजही माझे कान गरम होतात.

आम्ही अमरावतीचे. माझे यजमान शाळेतून निवृत्त झाल्यापासून प्रवासी संघटनेचं काम करतात. निवेदनं द्यायची, कोणी अधिकारी आला की बडनेऱ्याच्या जंक्शनवर जाऊन भेटायचं, आणि सकाळी पेपर वाचून रेल्वेवर चिडायचं. जावई अकोल्याचा. तो आणि आमची मुलगी, दोघंही पुण्याला नोकरीला. जावयाचे वडील अबोल. त्या घरात शब्द चालतो तो मोठ्या काकांचा. त्यांचं अकोल्यात बियाण्यांचं दुकान. तेही तिकडच्या प्रवासी संघटनेत आहेत हे सोयरीक जुळल्यावर कळलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, दोघांना बोलायला विषय झाला.

विषय होता पुण्याच्या गाडीचा. ही गाडी आमच्याकडून सुटून अकोल्यावरून पुढे जाते. ती आमच्याऐवजी अकोल्याहूनच सुटावी, अशी मागणी तिकडच्या लोकांनी केली होती. आमच्याकडे त्याविरुद्ध सभा झाल्या होत्या. यजमान तर त्या दिवसांत दुसरं काही बोलतच नव्हते.

साक्षगंध आमच्या घरी होतं. अंगठ्या घालून झाल्या, फोटो झाले, जेवणं सुरू झाली. मी पातोडीचा रस्सा घेऊन वाढत होते. काका हसत हसत यजमानांना म्हणाले, "मंग मास्तर, पोरगी तं देलीच आमाले. आता गाडी कधी देता?"

सगळे हसले. यजमानही हसले, पण ओठांनीच. "पोरगी देली म्हणजे गाडीबी द्याची का?"

"तसं नाही हो. गाडी तुमच्या इकूनच भरून येते. आमच्या, वाशीमच्या, हिंगोलीच्या लोकायनं काय उभ्यानंच जावं का?"

"आन् आमी काय करावं? तुमच्याकून तं मुंबईले जाणाऱ्या साऱ्या गाड्या जातात. आमाले हे एकच हाये पुण्याची."

आवाज चढत चालला तसा जावई मधे पडला. बिचाऱ्याला वाटलं विनोदानं निभावेल. "बाबा, काका, आम्ही दोघंही ट्रॅव्हल्सनंच येतो-जातो. त्या गाडीत बसलं कोण आहे?"

यावर पंगत खो खो हसली. लहान मुलंसुद्धा. यजमानांचा चेहरा मी पाहिला. इतक्या सभा, इतक्या चकरा, आणि घरचाच जावई हसं करतो. ते काकांकडे वळून म्हणाले, "तुमाले अकोलेवाल्यायले दुसऱ्याच्या ताटातलं ओढाची सवयच हाये."

मी तेव्हा काकांच्याच पानावर वाढत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बस, इहीणबाई. झालं माहं," एवढंच म्हणून ते उठले, हात धुतले आणि बाहेर गाडीत जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग अर्धी पंगत उठली. मी पातेलं धरून तशीच उभी.

"मी काय खोटं बोललो?" पाहुणे गेल्यावर यजमान म्हणत राहिले. पण ताटातलं ओढण्याचं ते वाक्य एकट्या त्यांचं नव्हतं. आमच्या घरात ते चहासोबत रोज बोललं जायचं. मीही बोलले होते, हसलेही होते. फक्त ज्यांच्याबद्दल बोलायचो ते आजवर आमच्या पंगतीला बसले नव्हते.

मुलगी पुण्याला परत गेली. फोनवर म्हणाली, "बाबांचं जाऊ दे. पण आई, तू तिथंच उभी होतीस ना?" एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात बहिणीकडे जाते असं सांगून मी अकोल्याला गेले. काकांचं घर दुकानाच्या मागेच आहे. काकूंनी चिवडा-चहा पुढे केला आणि काकांना बोलावलं. मी उभी राहून हात जोडले. "इवाई, आमचं चुकलं."

"बसा हो पहिले," ते म्हणाले. "तुमचं काय चुकलं? तुमी तं वाढून राहिल्या होत्या."

"त्यांच्या तोंडून निघालं..."

"गाडीचा राग नाही मले. गाडीसाठी मी बोलीनच, ते बी बोलतीन. पण मी जेवून राहिलो होतो. माहे नातू बसले होते बाजूले." मग त्यांनी विचारलं, "तुमाले कावून पाठोलं मास्तरायनं? सोता नाही आले?"

"त्यांना माहीत नाही मी आले ते."

यावर काका खाली पाहू लागले. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त संकोच झाला होता. काकू मात्र सरळ म्हणाल्या, "ज्यानं म्हटलं त्यानं यावं. तुमी नाही." चिवड्याची प्लेट त्यांनी पुन्हा माझ्याकडे सरकवली. नको म्हणणं वाईट दिसलं असतं म्हणून मी खाल्ला.

रात्री जेवताना मी यजमानांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. "तू हात जोडले?" त्यांनी दोनदा विचारलं. मग जेवण तसंच ठेवून गॅलरीत जाऊन बसले.

सकाळी मी उठले तेव्हा ते तयार होऊन पायात चपला घालत होते. संध्याकाळी परत आले. काय झालं, विचारलं.

"दुकानात गिऱ्हाइकं होते. त्याईच्यासमोरच म्हटलं, माहं चुकलं."

"मग?"

"त्यानं खुर्ची देली. पाणी देलं. मले काही वर पाहता आलं नाही."

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. गाडीचा निर्णय अजून झालेला नाही. मध्यंतरी बडनेऱ्याला अधिकाऱ्यांसमोर दोन्ही संघटनांची बैठक झाली. यजमान आमच्या बाजूनं बोलले, काका त्यांच्या. दोघंही नीट बोलले म्हणे. काका आमच्याकडे येतात, चहा घेतात. जेवायला थांबा म्हटलं की त्यांना कुठेतरी जायचं असतं. मी आग्रह करत नाही.