साहेबांची टीम आणि महालक्ष्म्यांचा डबा

आमच्या पॅकिंग विभागाला नवे साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात आमची 'टीम' करून टाकली. त्याआधी आम्ही बिचारे नुसतेच एकत्र काम करत होतो.

रोज दुपारी तीनला पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांनी गोल उभं राहायचं, शेजारच्याचं कौतुक करायचं आणि टाळ्या वाजवायच्या. रोज रोज कौतुक तरी कशाचं करणार? माझ्या शेजारी मशीनवाले भाई असायचे. मी त्यांच्या दाढीचं कौतुक करून मोकळी व्हायची. साहेबांना तेही पटायचं.

साहेबांना दुसरा सोस समानतेचा. आमची जुनी रीत होती, रमजानमध्ये संध्याकाळची पाळी आम्ही करायची, म्हणजे भाई लोकांना रोजा सोडायला घरी जाता यायचं. आमच्या सणावाराला ते थांबायचे. साहेबांना हे फार मोघम वाटलं. त्यांनी पाळ्यांचा रंगीत तक्ता लावला आणि गैरसोयसुद्धा सगळ्यांना सारखी वाटून दिली.

त्या वर्षी रमजान आणि महालक्ष्म्या एकाच महिन्यात आल्या. सासूबाई थकल्या होत्या, म्हणून महालक्ष्म्या पहिल्यांदाच लासूरहून गारखेड्याला, माझ्या घरी बसणार होत्या. जेवण दिवेलागणीला. आणि तक्त्यात नेमकी त्याच दिवशी माझी दुसरी पाळी, तीन ते अकरा.

"अपवाद केला की टीम तुटते, मॅडम," साहेब म्हणाले आणि टीमवरचं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मला इतका संताप आला, की ते पुस्तक मी आजतागायत परत केलेलं नाही.

भाईंची त्या दिवशी पहिली पाळी होती. तीनला सुटून ते घरी निवांत रोजा सोडू शकले असते. ते म्हणाले, "भाभी, तुमी घरी जावा. तुमच्या जागेवर मी थांबतो. रोजा काय, खजूर-पाण्यावर बी सुटतो."

त्या दिवशी गोलात टाळ्या वाजवल्या आणि साहेबांची पाठ फिरताच मी घर गाठलं. सुपरवायझरनं काहीच पाहिलं नाही, म्हणजे सगळं पाहिलं.

घरी सासूबाईंना हे सांगितलं आणि म्हटलं, नैवेद्य झाला की भाईंना डबा पाठवू. त्यांनी मला थांबवलं. "निवद दावलेलं त्यांना चालतंय का, इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. त्यांनी नैवेद्याआधीच पुरणपोळ्या आणि भाज्या वेगळ्या काढल्या, डबा भरला आणि माझ्या नवऱ्याला पिटाळलं. "रोजा सुटायच्या आत पोचव. आन् सांग, देवापुढं ठिवलेलं नाय म्हणून." मला तिथंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तीनच्या गोलात साहेब खुशीत होते. "बघा, सणाच्या दिवशीसुद्धा पूर्ण हजेरी! ही तक्त्याची किमया. चला मॅडम, करा कौतुक."

भाई शेजारीच उभे होते. पहिल्यांदाच मला खरंखुरं कौतुक करायचं होतं आणि तेवढं एकच साहेबांसमोर करता येत नव्हतं.

"भाईंची दाढी फार छान आहे," मी म्हणाले. भाईंनी मान खाली घातली, आणि सगळी माणसं कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिली.