शेवटून तिसरीचे नाव

बारा वर्षांपूर्वी पत्नीच्या नोकरीमुळे मी नागपूरहून अमेरिकेतल्या श्रूजबरीजवळच्या या गावी आलो. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. लहान मुलीला घेऊन मी रोज वाचनालयात जाऊन बसत असे. तिथला स्थानिक इतिहासाचा विभाग सांभाळणाऱ्या वसुधाकाकू एक दिवस समोर येऊन उभ्या राहिल्या.

"रोज त्याच खुर्चीत बसतोस. टायपिंग येतं का रे?"

"येतं, काकू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हाती हेडफोन दिला. गावातल्या वृद्धांच्या आठवणी त्या रेकॉर्ड करत आणि मी त्या टाइप करू लागलो.

त्यांतली एक आठवण रूथबाईंची होती. पन्नासच्या दशकात इथल्या एका क्लबात महिलांची व्यावसायिक गोल्फ स्पर्धा झाली होती. ऐंशी ओलांडलेल्या रूथबाई तरुणपणी त्या स्पर्धेत खेळल्या होत्या. आधी त्या बोलायलाच तयार नव्हत्या. "मी शेवटून तिसरी आले. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" काकू म्हणाल्या, "पहिल्या आलेल्या बाईंचं लिहून झालंय. म्हणून तर तुमच्याकडे आले."

मग बाई बोलत्या झाल्या. तिघी खेळाडू एकाच गाडीतून गावोगाव फिरत, मैदानावरचे झेंडेही स्वतःच रोवत. तिसऱ्या दिवशी खेळ फार बिघडला, तेव्हा रूथबाई गाडीत बसून रडल्या. बाईंना अवघडल्यासारखे होईल म्हणून टाइप करताना मी ते वाक्य गाळले. काकूंच्या ते लगेच लक्षात आले.

"ते वाक्य तुझं नाही, त्यांचं आहे. ठेवायचं की नाही, त्यांनाच विचारू."

कागद वाचून रूथबाई म्हणाल्या, "ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी परत खेळले, तेही लिहा."

त्याच वर्षी क्लबाने आपल्या इतिहासाची पुस्तिका काढायला घेतली. तीत विजेतीचा फोटो होता, पदाधिकाऱ्यांचे फोटो होते. बाकीच्या खेळाडू नुसत्याच 'इतर'. काकूंनी विचारले, तर उत्तर आले की यादी जपलेली नाही. त्या हिवाळ्यात काकूंनी जेवणाची सुट्टी जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म तपासण्यात घालवली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी हसून म्हणाले, "काकू, यांच्या गोल्फचं तुम्हाला काय पडलंय?" काकूंनी शांतपणे सांगितले, "चाळीस वर्षं या गावाचं मीठ खाल्लंय मी."

यादी सापडली तोवर पुस्तिका छापून झाली होती. काकूंनी मग सगळी नावे निकालाच्या क्रमाने मोठ्या अक्षरांत वाचनालयाच्या भिंतीवर लावली. रूथबाईंना त्यांची मुलगी व्हीलचेअरवरून घेऊन आली. "मॉम, तू प्रोफेशनल होतीस? तू तर म्हणायचीस, थोडंफार खेळायचे!" रूथबाईंनी हात लांबवून आपल्या नावाखालच्या दोन नावांवर बोट ठेवले. "या दोघी माझ्या गाडीतल्या," एवढेच म्हणाल्या आणि बराच वेळ तिथेच थांबल्या. काकू मागे उभ्या राहून चष्मा पुसत होत्या.

पुढे मला नोकरीची परवानगी मिळाली. शेजारच्या गावातल्या संग्रहालयाच्या मुलाखतीसाठी काकूंनी शिफारसपत्र दिले. त्या दिवशी पत्नीला सुट्टी मिळेना, तेव्हा काकू आमच्या घरी आल्या आणि मुलीला वरणभात भरवत मला म्हणाल्या, "जा, घाई करू नकोस. ही माझ्याकडे आहे." आज मी त्याच संग्रहालयात काम करतो. मी दुसऱ्याचे बोलणे जपून ऐकायला शिकलो, ते काकूंमुळे. हे त्यांच्यासमोर कधी नीट सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

काकूंनी यंदा पंचाहत्तरी पूर्ण केली. गेल्या थंडीत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी आता त्या रोज सकाळी तळ्याला पूर्ण फेरी मारतात. बरोबर चालणाऱ्याला अर्ध्या वाटेतच धाप लागते. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि आम्हाला त्यांच्याबरोबर चालण्याइतका दम.